धंदा टिकतो कशाने?

संघाच्या चिटणिसांनी ‘शेतीस पूरक धंदे’ या विषयावर काही लिहून द्यावे अशी सूचना केली, तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. ज्या मनुष्याचा उभा जन्म महसूल खात्यात दप्तरे बांधण्यात आणि सोडण्यात गेला, ज्याचे शिक्षण मराठी शाळेपलीकडे गेले नाही आणि ज्याने स्वतः पैशाचाही व्यापार केला नाही, त्याने धंद्याविषयी शेतकरी बंधूंना काय सांगावे? परंतु मागाहून विचार करता असे वाटले की, धंदा करणारा मनुष्य आपल्या एकट्याचा धंदा पाहतो. कारकुनाच्या मेजावरून मात्र शेकडो लोकांच्या धंद्यांचे कागद जातात. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर ‘इतर हक्क’ म्हणून एक रकाना असतो. तो मी जितक्या वेळा वाचला तितक्या वेळा गुरुचरित्राची पोथीही वाचलेली नाही, हे नृसिंहवाडीसारख्या क्षेत्रात राहून कबूल करण्यास लाज वाटते. त्या रकान्यात मनुष्याची सारी उमेद लिहिलेली असते. विहिरीचे कर्ज, पंपाचे कर्ज, ट्रॅक्टरचा बोजा, कोंबड्यांच्या शेडचा बोजा. पुढे काही वर्षांनी बोजा उतरल्याची नोंद, किंवा ती नोंद न होता निघालेली नोटीस.

२०१० सालाच्या आगेमागे इमू नावाचा परदेशी पक्षी पाळण्याची लाट आली होती, तिचे वाचकांस स्मरण असेल. त्याचे तेल, मांस, कातडे, अंडे, सगळेच सोन्याच्या मोलाने जाणार असे सांगण्यात येई. प्रत्यक्षात पक्ष्यांना गिऱ्हाईक मिळे ते नव्याने पाळणाऱ्याचेच. नवे पाळणारे संपले तेव्हा बाजारही संपला, आणि कित्येकांवर पक्षी रानात सोडून देण्याची पाळी आली. त्यात पडलेले लोक आळशी नव्हते. त्यांच्या अंगी नव्या गोष्टीची आवड होती, धाडस होते, कर्ज काढण्याची छाती होती. उलट, ज्यांना गावात कोणी हुशार म्हटले नाही अशा काहींचे लहानसे धंदे तीस तीस वर्षे चाललेले मी पाहिले. हा भेद कशाने पडतो, हा प्रश्न नोकरीत असताना मला केवळ कुतूहलाचा वाटे. निवृत्त झाल्यावर तो माझ्या स्वतःच्या घरात येऊन बसला, म्हणून हा लेखनप्रपंच.

तत्पूर्वी वाडीतील एका दुकानाविषयी सांगितले पाहिजे. कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमावर आपले गाव असल्यामुळे पावसाळ्यात नदी देवळात येते. पाणी श्रींच्या पादुकांवरून वाहत दक्षिणेकडील दाराने बाहेर पडू लागले की तो दक्षिणद्वाराचा सोहळा, आणि त्या पाण्यात स्नान करण्यासाठी लांबलांबून मंडळी येतात. भाविकांस हा पर्वकाळ असतो. देवळाच्या वाटेवर पेढे, बासुंदी आणि कवठाची बर्फी विकणाऱ्यास मात्र त्याच वेळी आपले दुकान उचलावे लागते. या वाटेवरील एका वृद्ध दुकानदाराशी माझा जुना परिचय आहे. त्यांच्या दुकानातील खांबावर पाण्याच्या खुणा आहेत आणि प्रत्येक खुणेशी साल लिहिले आहे: २००५, २०१९, २०२१. त्यांच्या दुकानातील एकही फळी भिंतीत कायमची ठोकलेली नाही. साऱ्या फळ्या बोल्टांवर बसविलेल्या असून त्यांवर आकडे घातले आहेत. पाणी घाटाच्या एका ठरावीक पायरीला लागले की पहिल्या आकड्याची फळी निघते, आणखी चार पायऱ्या चढले की दुसऱ्या आकड्याची. कढया सर्वांत शेवटी निघतात, कारण पुराचे पाणी पाहावयास आलेला मनुष्यही पावशेर पेढे घेतोच. ही युक्ती कोठे शिकलात, असे मी विचारले तेव्हा ते म्हणाले, “शिकायचं कुठलं, भाऊसाहेब? पूर ओसरला की दरसाल रात्री बसायचं, आणि काय भिजलं ते लिहून काढायचं. भिजलं ते पुढच्या वर्षी आधी उचलायचं.” काय वाचले याची यादी करणारे पुष्कळ असतात, काय भिजले याची यादी करणारा मी प्रथमच पाहिला. त्या वेळी मी हसून सोडून दिले.

आता घरची हकीकत. माझ्या धाकट्या मुलाने नोकरीच्या मागे न लागता ऊसाच्या रोपांची नर्सरी घातली. शिरोळ तालुक्यातील वाचकांस या धंद्याची माहिती देण्याची आवश्यकता नाही; परंतु हे मासिक अन्य भागांतही जाते, म्हणून थोडक्यात सांगतो. पूर्वी दोन डोळ्यांच्या टिपऱ्या सरीत दाबीत, एकरी दहा ते बारा हजार. त्यांतील कित्येक उगवत नसत आणि बेण्याचा ऊस मात्र टनांनी जाई. आता एका डोळ्याची लहान कांडी बुरशीनाशकाच्या द्रावणात बुडवून नारळाच्या भुश्याने भरलेल्या ट्रेमध्ये लावतात, शेडनेटच्या सावलीत वाढवितात, आणि चार-पाच पानांचे रोप शेतात लावतात. साडेचार फुटी सरी आणि रोपांत दीड फूट अंतर धरले तर एकरी सुमारे ६,४५० रोपे बसतात. बेणे वाचते, ऊस एकसारखा येतो, आणि रान तयार होईपर्यंतचा महिना रोप नर्सरीत काढते. को ८६०३२ आणि फुले २६५ या जातींस आपल्याकडे मागणी असते. त्यांतही मिठाने बिघडलेल्या चोपण रानासाठी शेतकरी फुले २६५ मागतो.

पहिल्या वर्षी मुलाची रोपे चांगली खपली. दुसऱ्या वर्षाच्या आरंभी त्याने माझ्याकडे मागणी केली की, निवृत्तीच्या रकमेतून ४ लाख रुपये द्यावेत. दुसरे शेडनेट उभारू. सौभाग्यवतींचे मत पडले की, ती रक्कम दोघांच्या म्हातारपणाची असून तिला हात लावू नये. मी हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. कारकुनाच्या भाषेत, प्रकरण विचाराधीन ठेवले.

त्याच सुमारास परड्यातील अडगळ काढताना जुना लोखंडी नांगर निघाला. तो माझ्या आज्याने घेतलेला. मुलगा म्हणाला, “आबा, भंगारवाला दारात आलाय, देऊन टाकू काय?” मी देऊ दिला नाही. त्या नांगराने आमची हराळी काढली होती. लाकडी नांगर जमीन खरवडतो. लोखंडी नांगर ती उलथून खालची वर करतो, आणि कुंदा, हराळी यांसारख्या हट्टी तणांची मुळे उन्हात आणतो. आमच्या घरचे पहिले चांगले पीक त्या नांगरामागून आले असे वडील सांगत. त्या निमित्ताने मी लक्ष्मणराव किर्लोस्करांची हकीकत पुन्हा वाचून काढली. लहानपणी ती वाचताना नांगर दिसला होता. या खेपेस माझे लक्ष दुसरीकडेच गेले.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. शाळेच्या अभ्यासात मन रमेना; चित्रे काढणे आणि यंत्रे खोलणे हे दोन नाद. चित्रकार व्हावयाचे म्हणून मुंबईस जे. जे. कलाशाळेत गेले, तेथे आढळून आले की त्यांस काही रंगांतील भेद नीट दिसत नाही. चित्रकारास याहून मोठी आपत्ती कोणती? दुसरा कोणी घरी परतला असता. यांनी रंग सोडले आणि रेघ ठेवली. यंत्रांच्या आकृत्या काढण्यास रंग लागत नाहीत. त्या विद्येवर पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत शिक्षकाची जागा मिळाली. तेथे दिवसा शिकवावे, मोकळ्या वेळी यंत्रशाळेत हाताने काम करावे आणि इंग्रजी मासिकांतून यंत्रांची माहिती वाचावी, असा क्रम होता. बढतीच्या वेळी त्यांना डावलून दुसऱ्या माणसाची नेमणूक झाली, तेव्हा त्यांनी ती नोकरी सोडली. बढतीत डावलले जाणे म्हणजे काय, हे मी जाणतो. परंतु माझ्यासारखे पुष्कळ लोक त्यानंतर वीस वर्षे त्याच खुर्चीवर कुरकुरत बसतात.

बेळगावास त्यांचे वडील बंधू रामचंद्रपंत, म्हणजे रामूअण्णा, यांच्यासह १८८८ सालापासून सायकलींचे दुकान होते. सायकल ही त्या काळी नवलाची वस्तू होती आणि तिची किंमत मोटारीच्या थाटाची. ती विकावयाची तर बसावयास शिकविणेही दुकानदाराकडेच आले. हे दुकान ज्या रस्त्यावर होते तो बेळगावात आजही किर्लोस्कर रोड म्हणून ओळखला जातो. आता, सायकली विकून पोट भरत असताना मनुष्य नांगराकडे कसा वळला? गिऱ्हाइकाकडे पाहून. बेळगावच्या बाजारात शंभर शेतकरी येत, तेव्हा सायकल घेणारा एखादाच. त्या शंभरांच्या गरजेची वस्तू करावी म्हणून प्रथम कडबा कापण्याचे यंत्र केले, आणि १९०३ साली लोखंडी नांगर.

आणि तो नांगर कोणी घेईना. लोखंडाने जमिनीला विष चढते, ती नापीक होते, असा समज होता. पहिले गिऱ्हाईक मिळावयास दोन वर्षे लागली. ही दोन वर्षे पुस्तकात एका ओळीत संपतात; परंतु वाचकांनी हिशेब करावा. दोन वर्षे म्हणजे दोन खरीप आणि दोन रब्बी. प्रत्येक हंगामापूर्वी नांगर पुसून ठेवावयाचे, आणि हंगाम गेल्यावर ते पुन्हा कोपऱ्यात न्यावयाचे. त्या काळात ‘आमचा शेतकरी अडाणी’ असे म्हणणे किती सोपे होते! तसे म्हणणारे अधिकारी इंग्रजी अमदानीत होते आणि नंतरही मी पुष्कळ पाहिले. लक्ष्मणरावांनी मात्र आपला नांगर शेतकऱ्याच्या रानात नेऊन पाहिला.

येथे ओतकामासंबंधी दोन शब्द लिहितो, कारण यातच खरी गोम आहे. नांगरात सर्वांत आधी झिजतो तो फाळ. तो मऊ राहिला तर कोल्हापूरच्या काळ्या रानात काय आणि बेळगावच्या तांबड्या मुरमात काय, थोड्याच दिवसांत बोथट होतो. आणि फार कडक झाला तर दगडाला लागून तुटतो. ओतीव लोखंडाचा रस साच्यात जेथे थंड धातूला टेकतो तेथे तो झटकन गोठून कठीण होतो, आणि वाळूच्या बाजूस सावकाश निवून सोशीक राहतो. म्हणजे धार कठीण आणि पाठ सोशीक, अशी एकाच तुकड्यात दोन स्वभावांची जोडणी करावी लागते. हे पुस्तकात वाचून येत नाही. ओतावे, रानात न्यावे, मोडून आणावे, पुन्हा ओतावे, असे किती वेळा केले म्हणजे जमते याचे गणित नाही. पुढे हेच ओतकाम त्या घराण्याच्या कामी आले. नांगराने शिकविलेल्या हातांनी ऊसाचे चरक केले, पाण्याचे पंप केले, आणि त्यांच्यामागून इंजिने आली. लोकांना त्यांत एकामागून एक नव्या कल्पना दिसतात. मला त्यांत एकच सवय दिसते.

याच वर्षांत आपल्या शेजारीही एक उलाढाल चालू होती, तिचा उल्लेख जाता जाता करतो. इचलकरंजीस जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या पाठिंब्याने विठ्ठलराव दातार यांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग बसविला. बेळगावचा नांगर आणि इचलकरंजीचा माग यांत एका वर्षाचे अंतर.

बेळगावात जम बसतो न बसतो तोच नगरपालिकेच्या विस्तारासाठी कारखान्याची जागा सोडावी लागली. तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची ३२ एकर जमीन दिली आणि रु. १०,००० कर्जाऊ दिले. तो माळ म्हणजे निवडुंगाचे रान. साप आणि विंचू यांचे माहेर. १९१० साली तेथे किर्लोस्करवाडी वसली. ज्यांच्यावर गुन्हेगारीचा शिक्का बसला होता अशा माणसांना लक्ष्मणरावांनी तेथे पहारेकरी नेमले, आणि त्यांनी विश्वास राखला. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी किल्ल्यांवर पडलेल्या जुन्या तोफा वितळविण्यास दिल्या, आणि तोफांचे नांगर झाले. १९४८ सालच्या जाळपोळीत किर्लोस्करवाडीच्या कारखान्याचे मोठे नुकसान झाले. लक्ष्मणरावांचे वय त्या वेळी सत्तरीच्या पलीकडचे होते. कारखाना पुन्हा उभा राहिला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी ते निवर्तले. १९६९ साली त्यांच्या जन्मास शंभर वर्षे झाली, तेव्हा टपाल खात्याने त्यांच्या नावे तिकीट काढले.

जागा गेली, लोखंड संपले, कारखाना जळला. या तीन आपत्तींपैकी एकही त्यांच्या चुकीमुळे आलेली नव्हती. परंतु माल न खपणे ही चौथी आपत्ती होती, आणि ती मात्र त्यांनी आपली मानली. येथे मी पुस्तक मिटले आणि मुलाकडे पाहिले.

कारण दोनच दिवसांपूर्वी आमच्या दाराशी एक गृहस्थ येऊन गेले होते. पंचगंगेपलीकडचे शेतकरी. जुलैमध्ये आडसाली लागणीसाठी त्यांनी दोन एकरांची, म्हणजे जवळजवळ १३,००० रोपे आमच्याकडून नेली होती. ते चढ्या आवाजात बोलले नाहीत. ओसरीवर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, “भाऊसाहेब, तुमच्या नावावर इसवास ठेवून रोपं नेली. आता रान मोकळं मोकळं दिसतंय. एकदा येऊन बघून जावा.” मुलगा त्यांच्यासमोर गप्प राहिला. ते गेल्यावर मला म्हणाला, “आबा, पाणी जास्त दिलं असणार त्यांनी. आपल्या रोपात खोट नव्हती. एकाला भरून दिलं की उद्या दहाजण येतील.”

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. आपल्या भागात पाणी जास्त देण्याची खोड आहेच, आणि तिने किती रान खारावले हे मी गाव नमुन्यांत लिहून लिहून थकलो आहे. म्हणून त्या दिवशी मीही त्याचीच बाजू घेतली होती. पुस्तक मिटल्यावर मात्र ती बाजू मला घेववेना. दुसऱ्या दिवशी मी त्याला म्हटले, “रक्कम द्यायची की नाही हे मी त्यांचे रान पाहून ठरवीन. चल.” तो रागानेच मोटारसायकलवर बसला. वाटेत एक शब्द बोलला नाही.

रानात गेलो. सरी चांगल्या काढल्या होत्या, पाण्याचा निचरा ठीक होता, चूक दाखवावी असे काही सापडेना. तीन रोपांमागे एक गेले होते. मुलाने खुरप्याने एक मेलेले रोप काढले, मग एक जिवंत पण खुरटलेले काढले, आणि तो तसाच उकिडवा बसून राहिला. रोपाची मुळे ट्रेच्या खळग्याच्या आकाराचीच राहिली होती. डोक्यावर घागर घेताना बायका चुंबळ करतात तशी ती गोल गोल वळलेली होती आणि तीन आठवड्यांत मातीत एक बोटही शिरली नव्हती. त्या गृहस्थांना हे समजले नसते. मुलाला एका दृष्टिक्षेपात समजले. त्या वर्षी जूनमध्ये पाऊस लागून राहिल्यामुळे रानांना वाफसा येईना, लोक रोपे न्यावयास येईनात, आणि तीस दिवसांची रोपे पन्नास-पंचावन्न दिवस ट्रेमध्ये अडकून पडली. पानांकडून ती टवटवीत दिसत होती. मुळांकडून ती शिळी झाली होती. आम्ही शिळी रोपे विकली होती, आणि कोणती शिळी, कोणती ताजी, हे आम्हालाही माहीत नव्हते. कारण ट्रेवर तारीखच नव्हती.

मला त्या क्षणी लाज वाटली ती मुलाची नव्हे, माझीच. सारी नोकरी मी आवक-जावक बारनिशी ठेवली. कचेरीत आलेल्या चिठोऱ्यावरसुद्धा तारीख आणि क्रमांक टाकल्यावाचून तो पुढे सरकविला नाही. आणि घरी दोन वर्षे लाखो रोपे डोळ्यांसमोरून गेली, तरी त्यांवर तारीख असावी हे मला सुचले नाही. सवय खुर्चीबरोबर कचेरीतच राहिली होती.

मुलाने त्या गृहस्थांना तेथेच सांगितले, “काका, खोट आमचीच हाय. तुटाळ भरायला रोपं आम्ही पोच करतो, भाडं आमचं.” सुमारे ४,३०० रोपे आणि टेंपोचे भाडे यांत त्या हंगामातील नफ्याचा बराच मोठा वाटा गेला. परंतु एक अडचण उरलीच. बाजूची रोपे गुडघ्यापर्यंत आलेली, त्यांच्या मधे पंचवीस दिवसांचे कोवळे रोप लावले तर ते सावलीत दबून जावयाचे. तुटाळीस लावावयाचे रोप वयाने मोठे हवे, आणि मोठे रोप ट्रेमध्ये ठेवले की त्याची चुंबळ होते. या पेचावर मुलगा दोन रात्री नर्सरीत बसला. मग त्याने पंचवीस दिवसांची निरोगी रोपे निवडून, खाली भोके पाडलेल्या मोठ्या पिशवीत माती आणि कुजलेले शेणखत भरून त्यांत हलविली. पिशवीत मूळ मोकळे वाढले, आणि महिन्याने तेच रोप शेजाऱ्याच्या बरोबरीने उभे राहील असे झाले. त्या गृहस्थांच्या रानात ती रोपे लागली. हे पाहून शेजारच्या तिघांनी आपापल्या तुटाळीसाठी तसलीच पिशवीची रोपे मागितली, आणि त्यांची किंमत ट्रेच्या रोपापेक्षा अधिक पडते हे सांगूनही नेली. ही रोपे विकण्याचा विचार आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात नव्हता. आम्ही दंड भरावयास गेलो होतो.

माझा वाटा यात अल्प आहे, तरी सांगण्याचा मोह आवरत नाही. तेलाचे प्लास्टिकचे रिकामे डबे कापून मी पट्ट्या केल्या. आठवड्यागणिक एक रंग ठरविला: लाल, पिवळा, निळा, पांढरा. ज्या आठवड्यात कांडी लावली त्या रंगाची पट्टी ट्रेमध्ये खोचावयाची आणि तीवर तारीख लिहावयाची. महिना फिरून पुन्हा लाल येईपर्यंत मागच्या लाल पट्टीचा एकही ट्रे शेडनेटमध्ये उरता कामा नये. उरला तर त्यातील रोपे पिशवीत जातील, किंवा आमच्या स्वतःच्या रानात, परंतु गिऱ्हाइकाच्या टेंपोत जाणार नाहीत. रोज सकाळी मुलगा एक फेरी मारतो आणि वहीत लिहितो की कोणत्या रंगाचे किती ट्रे आहेत. पहिला महिनाभर त्याने हे माझ्या धाकाने केले. मग एके दिवशी मी विसरलो, आणि वहीत नोंद मात्र होती.

पेढ्यांच्या त्या दुकानदारांना मी ही हकीकत सांगितली. ते म्हणाले, “मग आता भिजलेल्याची यादी तुमच्याकडेबी सुरू झाली म्हणायची.”

४ लाखांचे काय झाले, असे वाचक विचारतील. मी २ लाख दिले. बाकीचे ठेवीतच आहेत, आणि सौभाग्यवतींचा त्यावर डोळा आहे. दुसरे शेडनेट जुन्याच्या शेजारी न घालता शिरोळच्या वाटेवरील उंच रानात घातले, कारण २०१९ आणि २०२१ या दोन्ही साली जुन्या जागेच्या कडेपर्यंत पाणी आल्याचे मला पंचनाम्यांवरून ठाऊक होते. उंचावर पाणी चढविण्याचा विजेचा खर्च वाढला आहे, हेही लिहिले पाहिजे.

यंदा जुलैच्या आरंभी ते पंचगंगेपलीकडचे गृहस्थ पुन्हा आले. या खेपेस दीड एकराची रोपे हवी होती आणि रिकामा टेंपो बरोबर होता. मी खुर्चीत बसून पाहत होतो. ते शेडनेटमध्ये शिरले, खाली वाकून पट्ट्या वाचू लागले आणि एका रांगेजवळ थांबून म्हणाले, “ही निळी द्या.” मुलाने पट्टी काढून त्यांच्या हातात दिली. “काका, निळी अजून अठरा दिवसांची हाय. पिवळीबी पंचवीसची, पण ती कालच बोलली गेली. निळीला आठ दिवस जाऊ द्यात.” ते जरा नाराज झाले; टेंपोचे भाडे अंगावर पडणार होते. मुलगा काही बोलला नाही आणि मीही बोललो नाही. त्यांनी एक रोप ट्रेमधून हळूच उपसून मुळे पाहिली, परत खोचून ठेवले, आणि खिशातून पाचशेच्या चार नोटा काढून विसार म्हणून मुलाच्या हातावर ठेवल्या. टेंपो रिकामाच परत गेला.